पोकळ लोलक आणि यूव्ही गोंद : आतापर्यंतची नोंद

सूक्ष्मदर्शकाच्या तीन काचपट्ट्या (७५ × २५ मिमी) लांब कडांवर उभ्या करून ६० अंशांचा पोकळ लोलक बनवायचा, त्यात पाणी किंवा ग्लिसरीन भरायचं आणि भिंतीवर वर्णपट पाडायचा, असा हा उद्योग. भिंती काचेच्या. असे दोन लोलक केले: तळ एकाला काचेचा आणि दुसऱ्याला ३ मिमी ॲक्रिलिकचा (पारदर्शक प्लास्टिकचा), म्हणजे दोन्हींची तुलना होईल. वर्णपटाचं शेवटी लिहितो, कारण वेळ सगळा सांध्यांनी खाल्ला.

आधी दिव्याबद्दल. यूव्ही गोंद म्हणजे अतिनील उजेडाने पक्का होणारा गोंद. हे गोंद बहुतेक ॲक्रिलेट जातीचे असतात आणि त्यातला फोटोइनिशिएटर, म्हणजे उजेडाने जागं होणारं द्रव्य, ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषला तरच रेणू एकमेकांना जोडणारी साखळी सुरू करतो. जुने काचेचे गोंद बहुतेक ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे, मर्क्युरी दिव्याच्या रेषेसाठी बनवलेले. स्वस्त एलईडी टॉर्च मात्र ३९५ किंवा ४०५ वर असतात. जांभळा उजेड भरपूर दिसतो म्हणून टॉर्च जोरदार वाटतो, पण त्या दिसण्याला अर्थ नाही. चांगला ३६५ चा एलईडी डोळ्यांना फिकटच दिसतो. गोंदाच्या माहितीपत्रात तरंगलांबी पाहिल्याशिवाय दिवा घेऊ नये. दातात भरायच्या रेझिनचा निळा दिवा ४७० च्या आसपास चालतो, तो इथे कामाचा नाही.

दुसरा आकडा मात्रेचा, म्हणजे एकूण किती उजेड द्यायचा त्याचा. नॉरलँड ६१ या काचेच्या प्रसिद्ध गोंदाला पूर्ण पक्कं व्हायला दर चौरस सेंटीमीटरला ३ ज्यूल लागतात. सांध्यापाशी दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिवॅट पोहोचत असतील तर ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं. ‘काही सेकंदांत चिकटतो’ ही जाहिरात खोटी नाही, पण काही सेकंदांत तो फक्त हलायचा थांबतो. हाच गोंद काचेवर पूर्ण पकड धरायला त्यानंतरही साधारण आठवडा घेतो, किंवा ५० अंश सेल्सिअसला बारा तास.

काचेला काच. पट्ट्या साबणाने, मग डिस्टिल्ड पाण्याने आणि शेवटी ॲसिटोनने पुसल्या. स्वच्छतेची परीक्षा सोपी आहे: पाणी ओतल्यावर अखंड पापुद्रा राहिला तर ठीक, थेंब सुटे झाले तर पुन्हा धुवा. लाकडी साच्याच्या कडांना पॉलिथीन गुंडाळलं, कारण ॲक्रिलेट पॉलिथीनला जवळजवळ धरत नाही.

या कोपऱ्याची रचना जरा विचित्र असते. चौकोनी कडांच्या दोन पट्ट्या आतून ६० अंशांत भेटल्या की फक्त आतल्या रेषेवर टेकतात आणि बाहेरच्या बाजूला १२० अंशांची उघडी खाच उरते. पातळ गोंद केशाकर्षणाने त्या रेषेत सुंदर पळतो, पण खाच भरत नाही; दाट गोंद खाच भरतो, पण रेषेत शिरत नाही. म्हणून दोन्ही वापरले. आधी पातळ गोंदाचे थेंब, तीन-चार सेकंद उजेड, मग कोन तपासणं आणि ओघळलेला गोंद ॲसिटोनने पुसणं. ही मधली पायरी म्हणजे या गोंदाची खरी चैन आहे. इपॉक्सीत घड्याळ आपल्यावर चालतं, इथे आपण घड्याळ चालवतो. कोन बरोबर आला की दाट गोंद खाचेत भरायचा आणि पूर्ण मात्रा द्यायची.

उघड्या खाचेतला गोंद आतून कडक होतो आणि वरून चिकटच राहतो. दोष गोंदाचा नाही. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरचे मुक्त मूलक (साखळी पुढे नेणारे क्रियाशील रेणू) खाऊन टाकतो आणि साखळी तिथेच तुटते. उपाय हवा अडवण्याचा: पॉलिथीनची पारदर्शक पट्टी खाचेवर ताणून बसवायची आणि तिच्यातूनच उजेड द्यायचा. पट्टी नंतर सहज सुटते आणि खालचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत निघतो. पुसून काढण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

ॲक्रिलिकचा तळ. डोळ्यांना आरपार दिसणारं प्लास्टिक दिव्यालाही आरपार असेलच असं नाही. बऱ्याच ॲक्रिलिक पत्र्यांत अतिनील शोषणारं द्रव्य मिसळलेलं असतं, आणि उन्हासाठी बनवलेलं पॉलिकार्बोनेट तर साधारण ३८० नॅनोमीटरच्या खालचं जवळजवळ सगळं अडवतं. संरक्षक चष्मे पॉलिकार्बोनेटचे असतात ते याचसाठीही. मात्र ४०५ चा दिवा असेल तर बिनरंगी चष्मा पुरत नाही, पिवळा किंवा नारिंगी लागतो. माझी परीक्षा अशी: पॉलिथीनच्या तुकड्यावर गोंदाचा थेंब, त्यावर तो पत्रा, वरून दिवा. थेंब पक्का झाला नाही तर त्या पत्र्यातून काम होणार नाही. पत्र्याखाली ठेवलेला पांढरा कागद चमकतो का ते बघण्यापेक्षा ही परीक्षा खरी, कारण यात दिवा, पत्रा आणि गोंद तिन्ही एकदम तपासले जातात.

माझ्या ॲक्रिलिकने ३६५ अडवलंच. मग खालून उजेड देण्याऐवजी काचेच्या वरच्या कडेतून खाली दिला. पट्टीच्या आत प्रकाश पूर्ण परावर्तन होत होत थेट खालच्या कडेवर, म्हणजे सांध्यावरच, उतरतो. वेळ थोडा जास्त लागतो, पण गोंद खालपर्यंत पक्का होतो. दोन अपारदर्शक वस्तूंमध्ये सापडलेल्या गोंदाला अशी वाट नसते, तिथे हा गोंद काढूच नये.

तळाची धार लेझरने कापलेली होती. अशा धारेत ताण साठलेला असतो आणि तिला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागलं की बारीक भेगांचं जाळं उमटतं. पक्का न झालेला ॲक्रिलेट गोंदही तेच करतो. म्हणून तुकडा आधी ८० अंशांना काही तास ठेवून सावकाश थंड केला आणि फक्त साबणाच्या पाण्याने पुसला. ॲक्रिलिकला किंवा पॉलिकार्बोनेटला ॲसिटोन लावायचाच नाही. गोंद भरला की उजेडही लगेच द्यायचा, ओला गोंद प्लास्टिकवर ताटकळत ठेवायचा नाही.

मग प्रसरण. काच दर अंशाला दर मीटरमागे साधारण ९ मायक्रॉन वाढते, ॲक्रिलिक ७०. ७५ मिमी लांबीवर ३० अंशांच्या फरकाला दोघांत सुमारे ०.१४ मिमी अंतर पडतं. कडक गोंदाचा पातळ थर एवढं ओढणं सोसत नाही, काचेपासून सुटतो. तळासाठी म्हणून लवचिक प्रकारचा गोंद घेतला आणि तीन ठिकाणी मासेमारीच्या बारीक दोऱ्याचे तुकडे ठेवून थर मुद्दाम जाड केला. नुसतं ॲक्रिलिकला ॲक्रिलिक जोडायचं असेल तर मी यूव्ही गोंद वापरणारच नाही. तिथे विद्रावकाने जोडलेला सांधा सरस.

पाणी भरल्यावर. दोन्ही लोलक गळत नाहीत. काचेच्या तळाचा जास्त देखणा आहे: गोंदाचा अपवर्तनांक १.५६, काचेचा १.५२, त्यामुळे त्या सीमेवरून परावर्तन ०.०२ टक्क्यांहूनही कमी आणि सांधा समोरून दिसतच नाही. पण त्याच लोलकाच्या आतल्या कडेला, पाणी लागून असलेल्या ठिकाणी, पांढुरकी झाक चढू लागली आहे. काच आणि ॲक्रिलेट यांच्यामधली पकड पाण्याने हळूहळू सुटते, त्याचीच ही सुरुवात दिसते. ॲक्रिलिक तळाचा सांधा अजून स्वच्छ आहे, पण गोंद वेगळा आणि थर जाड असल्यामुळे त्यावरून तळाला श्रेय देता येत नाही.

वर्णपट अपेक्षेइतकाच. पाण्याने किरण किमान २३.६ अंश वळतो आणि लाल-निळ्यातली फाक जेमतेम अर्धा अंश, म्हणजे दोन मीटरवर दीड सेंटीमीटरचा पट्टा. ग्लिसरीनने वळण ३५ अंशांच्या जवळ जातं.

हातमोजे नायट्राइलचे वापरा. ॲक्रिलेटची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. झाकण मी चिकटवलेलं नाही आणि चिकटवणारही नाही: आतलं पाणी तापून फुगलं तर ते सांध्यांवरच येईल. पुढच्या लोलकात काचेच्या कडांना आधी मेथॅक्रिलेट सायलेन (काच आणि गोंद यांना जोडणारं द्रव्य) लावून बघणार आहे, आणि या वेळी दोन्ही तळांना गोंद एकच, थरही सारखाच.