गज चार बोटं अलीकडे थांबला

पोलीस खात्यात शस्त्रांची तपासणी-दुरुस्ती हे माझं काम. १५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि छाननीत नाव आलेले परवानाधारक बंदुका जमा करायला येऊ लागले. आमच्या पाटण तालुक्यात डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर पीकसंरक्षणाच्या बंदुका असतात, कित्येक अजून ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायच्या. भात काढणीला आलेलं, रात्री रानडुकरं शिवारात, आणि नेमकी तेव्हाच बंदूक सोडायची. माणसं नाराज असतात, आणि त्यांचं चुकत नाही.

त्या दुपारी सत्तरीतले एक आबा आले. गोणपाटात गुंडाळलेली बंदूक नातवाच्या खांद्यावर. नातू नववीतला.

"रिकामीच हाय साहेब. गणपतीपासनं हात लावला न्हाय."

ठासणीची बंदूक भरलेली आहे का, ते बघून कळत नाही. नळीत ठासायचा गज सोडायचा, तोंडाशी अंगठा धरून बाहेर काढायचा आणि नळीला बाहेरून लावायचा. रिकामी असेल तर गज बुडापर्यंत पोचतो. माझा चार बोटं अलीकडे थांबला. पुन्हा घातला. पुन्हा चार बोटं.

घोडा पडला की ठिणगी देऊन बार उडवणारी टोपी चढवलेली नव्हती, हे नशीब. सगळ्यांना बाजूला केलं, नळीचं तोंड वाळूच्या बादलीकडे धरलं, बार भिजवला आणि टोकाला पीळ असलेल्या गजानं उपसला. आधी कागदाचा बोळा, मग छर्रे, शेवटी दारूचा काळा चिखल. बोळा उलगडला. चौकटीच्या वहीचं पान. त्यावरचा निळ्या पेनाचा भागाकार अजून वाचता येत होता.

आबा आधी कागदाकडे बघत राहिले, मग नातवाकडे. पोरगं रडायलाच लागलं. आठ दिवसांपूर्वी डुकरं आली तेव्हा आबा तापानं पडून होते. त्यानं माळ्यावरची बंदूक काढली, देव्हाऱ्यामागचा दारूचा डबा काढला, आबांचं बघून शिकलेलं तसं ठासलं, आणि घाबरून परत ठेवून दिली. त्या माळ्याखाली त्याची धाकटी बहीण झोपते.

हीच बंदूक लोकसभेच्या वेळी माझ्या हाताखालून गेली होती. नंबर जुळवला, गंज बघितला, पावती दिली. घरात कुठे ठेवता, हे मी विचारलं नव्हतं. ते अजून सलतं.

२०१६ च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणुकीची हमी आली. आबांचा परवाना त्याच्या कितीतरी आधीचा. आता मी प्रत्येकाला चार गोष्टी विचारतो: बंदूक रिकामी असते का, कुलपात असते का, दारू-काडतुसं वेगळी असतात का, तीही कुलपात असतात का. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच चार सवयी असलेल्या घरांत मुलांचे अपघात आणि आत्महत्या कमी दिसल्या होत्या. नुसता अपघाताचा प्रश्न नाही हा. दहावीच्या निकालादिवशी, घरात भांडण झालं त्या रात्री, पोराच्या हाताला बंदूक लागता कामा नये. आणि माळा, देव्हारा, धान्याची कणगी या जागा पोरांना आपल्याआधी ठाऊक असतात.

मतमोजणीनंतर आबा बंदूक न्यायला आले. नातू सोबत होता, या वेळी मोकळ्या हातानं. आबांनी स्वतः गज सोडला, अंगठा धरला, बाहेरून लावून मला दाखवला. बुडापर्यंत. मग सदरा वर करून करगोट्याला बांधलेल्या दोन किल्ल्या दाखवल्या.

"ही पेटीची. ही दारूच्या डब्याची."

मी पावती फाडून दिली.