मुक्या मारावर आर्निकाचं मलम: माझा अनुभव

मुका मार बसला की हात आधी मलमाकडे जातो. पण पहिले दोन दिवस खरं काम बर्फाचं. सुती फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवते, दोन-तीन तासांनी पुन्हा, आणि पाय उशीवर उंच. मलम त्यानंतर, त्वचा कोरडी होऊन बधिरपणा गेल्यावर. नाहीतर आग होतेय हेच कळत नाही.

त्याआधी लेबल वाचायचं. आर्निका मोंटाना हे या फुलझाडाचं शास्त्रीय नाव; त्यापुढे मदर टिंक्चर लिहिलं असेल तर त्यात वनस्पतीचा अर्क खरोखर असतो. ६एक्स, ३०सी हे अर्क किती पातळ केला ते सांगणारे होमिओपॅथीतले आकडे. ६एक्स म्हणजे दहा लाखांत एक भाग. ३०सी असेल तर मूळ झाडाचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळपास नाही. अर्क असलेल्या मलमात हेलेनालिन हे आर्निकातलं रसायन असतं, आणि पुरळ येते ती बहुतेक त्याच्यामुळे. शेवंती-झेंडूच्या कुळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे मलम टाळावं. बाकीच्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला मुगाएवढं लावून २४ तास थांबावं. ॲलर्जीचं खाजणं उशिरा सुरू होतं, म्हणून तासाभरात निकाल लावू नये.

तळहाताएवढ्या डागाला बोटाच्या एका पेराएवढं मलम पुरतं. दिवसातून दोन-तीनदा, कडेकडून हलक्या बोटांनी पसरवायचं. चोळायचं मात्र नाही! आत फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या पुन्हा वाहतात आणि डाग वाढतो. मांडीच्या स्नायूत साकळलेल्या रक्ताची मोठी गाठ असताना जोरात मालिश केली तर तिथे हाडासारखा कठीणपणा येण्याचा धोका असतो. वरून घट्ट पट्टी किंवा शेकपिशवी नको, त्याने त्वचा भाजल्यासारखी लाल होते. खरचटलं असेल तर तेवढी जागा वगळायची. डोळ्यांजवळ लावायचं नाही. नंतर हात साबणाने धुवायचे, कारण आर्निका पोटात जाणं घातक.

व्यायामानंतरच्या दुखण्यात मी या मलमावर भिस्त ठेवत नाही. ते दुखणं २४ ते ७२ तासांत टोकाला जाऊन आपसूक उतरतं, त्यामुळे श्रेय मलमाला मिळून जातं. २०१०च्या एका चाचणीत तर पोटऱ्यांच्या व्यायामानंतर आर्निका लावलेल्या पायात २४ तासांनी जास्त दुखलं. त्याच वर्षी लेझरने मुद्दाम केलेल्या काळ्यानिळ्या डागांवर मलमाचा गुण दिसला, पण त्यात आर्निका तब्बल २० टक्के होती. ट्यूब घेताना हा फरक लक्षात ठेवते.

पोटरी एकाच पायाची सुजून गरम झाली, स्नायू दगडासारखा ताठला, बोटं बधिर पडली, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना डाग पसरत गेला, तर ट्यूब बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टर गाठायचे.

डाग निळ्याचा हिरवा, मग पिवळा होत साधारण दोन आठवड्यांत जातो. पिवळा पडला की मी मलम बंद करते. मागे राहणारी तपकिरी झाक रक्तातल्या लोहाची असते, ती सावकाश आपली आपणच जाते.