पिल्लं आई-बापांजवळच: आमची वाटचाल

आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी डिस्कस या शोभेच्या माशाच्या टँकपुढे उभं करतो. टँकमध्ये जोडी असते, आणि पिल्लं असलीच तर ती पाण्यात इकडेतिकडे दिसत नाहीत. ती आईच्या नाहीतर बापाच्या अंगाला लागलेली असतात. डिस्कसला पिल्लं झाली की नर-मादी दोघांच्याही त्वचेवर दाट स्राव सुटतो आणि पोहायला लागल्यावर पिल्लांचे पहिले काही दिवस त्यावरच जातात. थोड्या वेळाने मादी अंगाला एक हिसका देते, झुंड सुटते आणि बाजूला येऊन थांबलेल्या नराला जाऊन चिकटते. मादी मग निवांत खाऊन घेते. शोभेचे मासे वाढवून विकण्याचा आमचा सगळा व्यवसाय या अदलाबदलीवर उभा आहे, असं म्हटलं तरी चालेल.

मुंबईत नोकरीला होतो तेव्हा क्रॉफर्ड मार्केटला फेरी मारणं हा माझा सुट्टीचा कार्यक्रम. खोलीवर एक छोटा टँक आणि त्यात कॉन्व्हिक्टची जोडी. मध्य अमेरिकेतला हा काळ्या पट्ट्यांचा मासा स्वस्त, काटक आणि पिल्लांच्या बाबतीत जबरदस्त जागरूक. तळाची वाळू परांनी ढवळून पिल्लांसाठी खाणं वर काढायचं, पडलेलं पान तोंडाने उलटायचं, अंधार पडायला लागला की भरकटलेलं पिल्लू तोंडात धरून खड्ड्यात नेऊन सोडायचं, हे सगळं मी त्या टँकसमोर बसून पाहिलं. गावी परत येऊन काहीतरी आपलं करायचं ठरलं तेव्हा काय करायचं, हा प्रश्न मला पडलाच नाही.

आमचं गाव कुडाळ तालुक्यात. विहीर जांभ्यातली, पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शंभराच्या बराच खाली राहतो. डिस्कस आणि एंजल हे मासे मूळचे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले, त्यांना असंच पाणी लागतं. शहरात बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना त्यासाठी आरओ बसवावा लागतो. आम्हाला ते पोहऱ्याने मिळतं. मागच्या पडवीत लोखंडी रॅक लावले आणि आईने जुन्या घराची मंगळुरी कौलं दिली. तिरकं उभं केलेलं कौल एंजलला अंडी लावायला फार पसंत पडतं. बाजारात त्यासाठी मातीचे शंकू मिळतात, आम्ही अजून कौलावरच आहोत.

या धंद्यातली रूढ पद्धत वेगळी आहे. एंजलने अंडी घातली की कौल उचलायचं, वेगळ्या टँकमध्ये ठेवायचं, अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून मिथिलिन ब्लू टाकायचं, खाली हवेचा दगड सोडायचा. पालकांनी अंडी खाण्याची भीती नाही, पिल्लं भरपूर, आणि जोडी आठ-दहा दिवसांत पुन्हा अंड्यावर. पद्धत म्हणून तिच्यात खोट नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं तर ज्यांना पिल्लं सांभाळता येत नाहीत असेही मासे पुढच्या पिढीचे आई-बाप होतात, कारण त्यांच्याकडून ते काम कुणी मागतच नाही. आम्ही ते काम माशांकडेच ठेवायचं ठरवलं.

त्याची किंमत मोजावी लागते. तरुण जोडी पहिली दोन-तीन वेळा अंडी खाऊन टाकते, तेव्हा हात बांधून बघत बसावं लागतं. एका जोडीला पूर्ण टँक द्यावा लागतो आणि पिल्लं मोजकी निघतात. सुरुवातीला दुकानदार विचारायचे, "आठवड्याला किती माल देणार?" त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. माझी पत्नी हिशेब बघते. तिनेच सुचवलं की पिल्लं विकण्यापेक्षा जोड्या विकूया, पिल्लं वाढवून दाखवलेल्या. तेव्हापासून गाडी रुळावर आली. आमची एंजलची जोडी घर सोडते ती पिल्लांसकट व्हिडिओ काढल्यानंतरच, आणि नाशिक, पुणे, बेळगावचे शौकीन त्यासाठी थांबायला तयार असतात.

कामातल्या काही गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. पिल्लं असलेल्या टँकमध्ये आम्ही रात्री पूर्ण अंधार करत नाही. एक मंद दिवा ठेवतो, म्हणजे पालकांना पिल्लं दिसत राहतात. फिल्टर फक्त स्पंजचा, बाकीचे पिल्लं ओढून घेतात. आर्टेमिया, म्हणजे पिल्लांना खायला घालायचा बारीक कोळंबीसारखा जीव, अंड्यांतून रोज ताजा फोडतो, डिस्कसच्या पिल्लांना तो पोहायला लागल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी सुरू करतो. पिल्लं मोठी होऊन अंग कुरतडायला लागली की पालक स्वतःच चुकवायला लागतात, सुमारे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तेव्हा वेगळं करायचं, त्याआधी नाही. कॉन्व्हिक्टसारख्या तापट जोडीत नर मादीलाच मारतो, अशी तक्रार नेहमी येते. अशा वेळी मध्ये काच घालून पलीकडे दुसरा मासा ठेवा. दोघांना मिळून हाकलायला कुणीतरी समोर असलं की जोडी टिकते.

मला सर्वांत जास्त ओढ आहे ती आपल्याकडच्या सिक्लिडची, म्हणजे डिस्कस, एंजल, कॉन्व्हिक्ट ज्या कुळातले त्या कुळातल्या माशांची. आपल्या खाड्यांमधली कालुंदर कढईतच भेटते, पण तीही पिल्लांची राखण करणारी. तिची धाकटी चुलत बहीण म्हणजे ऑरेंज क्रोमाइड, केरळच्या कायलांमध्ये, म्हणजे बॅकवॉटरमध्ये, तिला पल्लत्ती म्हणतात. हाताच्या बोटाएवढा पिवळा-नारिंगी मासा, आणि याचीही पिल्लं पालकांच्या अंगावरचा स्राव टिपतात. म्हणजे जे बघायला लोक महागडा डिस्कस घेतात, ते आपल्या किनाऱ्याच्या माशातही आहे. तरी दुकानात तो कोपऱ्यातल्या टँकमध्ये पडलेला असतो, कारण गोड्या पाण्यात आणि भांडकुदळ शेजाऱ्यांत त्याचा रंग खुलत नाही. थोडं मीठ घातलेलं पाणी, तळाला वाळू, सात-आठ जणांचा घोळका आणि आडोशाला दगड एवढं दिलं की त्यांच्यात आपोआप जोड्या लागतात.

सध्या आमच्या दोन रॅकवर फक्त क्रोमाइड आहेत. मोठ्या शहरांतल्या दुकानदारांना त्यात रस नाही, पण शाळांकडून विचारणा होते आणि त्यांना आम्ही जोडी देताना नफा धरत नाही. पावसाळ्यात वीज जाते म्हणून एअर पंप इन्व्हर्टरवर आहेत, आणि जून ते ऑगस्ट लांबचं पार्सल घेत नाही. एखादा घाट बंद पडला की थर्माकोलच्या पेटीतले मासे रस्त्यातच अडकतात. ज्यांना जोडी हवी त्यांनी गणपतीनंतर कळवावं. टँकचं माप, पाण्याचा टीडीएस आणि शेजारी कोणते मासे आहेत, एवढं आधी सांगितलंत तर कोणती जोडी द्यायची ते आम्हाला ठरवता येतं.