अकरा मिनिटांचा रहाट

स्मरणिकेसाठी ‘यशाचा प्रवास’ लिहून पाठवा, असा शाळेचा निरोप आला. प्रवास झाला खरा. यशाचं तुम्हीच ठरवा. मी १९८४च्या दहावीचा, ‘ब’ तुकडीतला.

सिनेमा पहिल्यांदा भेटला तो शाळेच्या मैदानावर. जिल्ह्याच्या गावाहून, सोलापूरहून जीप यायची, सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर घेऊन. दोन बांबूंना चादर बांधली की झालं थेटर. उशिरा येणाऱ्यांना चादरीमागे बसावं लागे. तिकडून पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसत आणि पुढारी डाव्या हाताने कोनशिला बसवत. पुढे जागा झाली तरी मी मागेच बसू लागलो.

नंतर पुण्याचं फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे जुन्या ‘प्रभात’चं आवार. तिथे एका दुपारी प्रमोद पती यांचा १९६८चा ‘एक्सप्लोरर’ पाहिला. सरकारी फिल्म्स डिव्हिजनने काढलेला, पण त्यात ना गोष्ट, ना निवेदन. चित्रांचा नुसता भडिमार. सरकारी पैशात हे चालतं, तर आपल्या पैशात का नाही?

मग मित्रांकडून उसनवारी करून चारशे फुटांचं एक रीळ घेतलं. सोळा मिलिमीटरमध्ये ते अकरा मिनिटं चालतं. कॅमेरा शाळेच्या विहिरीवर रोखला. रहाट, दोर आणि आपल्या शिपाईमामांचे हात, बस्स. सबंध फिल्म एकाच शॉटची. स्नेहसंमेलनात ती दाखवली, तेव्हा सातव्या मिनिटाला अंधारातून मामांचाच आवाज आला, “समदं खरं, पर बादली वर कवा यायची?” सगळं मैदान हसलं. मीही हसलो, पण आतून जळफळत होतो. यांना कला कळत नाही, असं पुढे दोन वर्षं सांगत फिरलो.

मुंबईत भाडं थकल्यावर जाहिराती घेतल्या. तीस सेकंद म्हणजे पस्तीस मिलिमीटरची पंचेचाळीस फूट, आणि त्यातही शेवटी पुडा दिसलाच पाहिजे. एकदा बिस्किट नीट मोडेना, म्हणून हजार फुटांचा डबा संपला. रात्री लोकलमध्ये हिशेब केला, तर नेहमीच्या वेगाने तेवढी फिल्मही अकराच मिनिटं चालते! पुण्याचे मित्र मला ‘साबणवाला’ म्हणायचे. म्हणोत बापडे. पण फुटाफुटाचा जाब देताना मामांचा प्रश्न मला पहिल्यांदा प्रश्न म्हणून ऐकू आला.

आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ या लघुपटापासून सुरुवात करून २०१६मध्ये ‘सैराट’पर्यंत मजल मारली, तीही अशी आडवळणं न घेता. मला हेवा वाटतो, लपवत नाही.

माझा पहिला धंदेवाईक सिनेमा म्हणजे चार गाणी, एक लग्न आणि एक खलनायक. दोन गाण्यांच्या मधे मी चाळीस सेकंद रहाट घातला. निर्माते ‘काढा’ म्हणाले. मी गाण्याचं एक कडवं सोडलं, रहाट ठेवला. या वेळी बादली वर येते.

गावच्या टॉकीजला सिनेमा लागला, तेव्हा निवृत्त झालेल्या मामांना घेऊन गेलो. बाहेर पडल्यावर चहा होईपर्यंत ते गप्पच होते. मग बशी खाली ठेवत म्हणाले, “डायरेक्टर, बादली लई लौकर वर आली की रं.”