नाश्त्याच्या टेबलापासून पाइन व्हॅलीपर्यंत

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर नागपूरचे ऊन रणरणत होते आणि कूलरच्या आवाजामुळे लॅपटॉपचा आवाज पूर्ण वाढवावा लागला होता. मी आईला ‘सिटिझन केन’ या १९४१ सालच्या चित्रपटातला नाश्त्याच्या टेबलाचा प्रसंग दाखवत होते. आईला इंग्रजी फारसे कळत नाही, परंतु हा प्रसंग समजायला भाषेची गरज पडत नाही, असा माझा विश्वास होता आणि तो खरा ठरला.

प्रसंग अवघ्या दोन-अडीच मिनिटांचा आहे. नव्याने लग्न झालेले चार्ल्स केन आणि एमिली रात्रभर समारंभांना जाऊन पहाटे टेबलाशी बसलेले दिसतात. तो तिच्यावरून नजर हटवत नाही आणि ती लाजते. कॅमेरा झर्रकन फिरतो. टेबल तेच, पण काही काळ लोटलेला असतो आणि तिच्या बोलण्यात पहिली तक्रार आलेली असते. पुन्हा कॅमेरा फिरतो, पुन्हा काळ लोटतो. नवऱ्याचे वर्तमानपत्र तिच्या काकांवर, म्हणजे देशाच्या अध्यक्षांवर, टीका करू लागल्याचे कळते. बर्नार्ड हर्मन यांनी रचलेली वॉल्ट्झची धून प्रत्येक तुकड्यागणिक अधिक कडवट होत जाते. अखेरच्या तुकड्यात कोणीच काही बोलत नाही. तो आपले वर्तमानपत्र वाचत असतो आणि समोर ती त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे वर्तमानपत्र उघडून बसलेली असते.

आई म्हणाली, “अजून एकदा लाव बरं.” दुसऱ्यांदा पाहताना तिने केनकडे, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या आणि चित्रपटाचा दिग्दर्शकही असलेल्या ऑर्सन वेल्सकडे, ढुंकूनही पाहिले नाही, तिचे सारे लक्ष त्या बाईच्या मानेकडे आणि डोळ्यांकडे होते. प्रसंग संपल्यावर तिने विचारले, “मग पुढे हिचं काय झालं?”

चित्रपटापुरते उत्तर अगदी लहान आहे. एमिली घटस्फोट घेते आणि पुढे मुलासह मोटार अपघातात मरण पावते. आईला ते पटले नाही. अकरा वर्षे ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका मन लावून पाहिलेल्या बाईला एवढ्या तपशिलाने उभे केलेले माणूस एका वाक्यात निकालात काढणे अन्यायाचे वाटणारच. म्हणून मी तिला एमिलीऐवजी ती भूमिका करणाऱ्या रूथ वॉरिकची हकिकत सांगितली.

रूथ वॉरिकचा जन्म १९१६ मध्ये मिसुरी राज्यातल्या सेंट जोसेफ या गावी झाला. न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर काम करताना तिची वेल्सशी ओळख झाली, आणि एमिलीसाठी निवड झाली तेव्हा ती जेमतेम चोवीस वर्षांची होती. तो तिचा पहिलाच चित्रपट. त्यानंतर तिला कामे मिळत राहिली, ‘द कॉर्सिकन ब्रदर्स’ आणि ‘साँग ऑफ द साउथ’ यांसारख्या चित्रपटांत ती दिसली. पण बहुतेक वेळा ती कुणाची तरी शालीन पत्नी किंवा आई असे. पहिल्याच चित्रपटाने दाखवलेली तिची ताकद हॉलिवूडने पुढे नीट वापरली नाही, असे मला वाटते.

ती ताकद दैनंदिन मालिकांनी वापरली. साबण बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशावर रेडिओवर सुरू झालेल्या आणि म्हणूनच ‘सोप ऑपेरा’ म्हटल्या जाणाऱ्या या मालिका १९५०च्या दशकात दूरचित्रवाणीवर स्थिरावत होत्या. १९५६ मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’मध्ये विवाहित पुरुषाच्या प्रेमात पडलेली एडिथ ह्यूजेस तिने रंगवली. त्या काळी ही मालिका थेट प्रक्षेपित होत असे. पुन्हा टेक घेण्याची सोय नाही आणि दुसऱ्या दिवशी नवी संहिता तयार, अशा कामाची मेहनत चित्रपटाच्या चाहत्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पुढे ‘पेटन प्लेस’मधल्या भूमिकेसाठी तिला १९६७ मध्ये एमी या अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्काराचे नामांकन मिळाले.

मग आली फीबी टायलर. अ‍ॅग्नेस निक्सन यांची ‘ऑल माय चिल्ड्रेन’ ही मालिका ५ जानेवारी १९७० रोजी एबीसी या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाली, तेव्हा वॉरिक त्रेपन्न वर्षांची होती. पाइन व्हॅली या काल्पनिक गावातली ही घरंदाज बाई कुळाचा अभिमान बाळगणारी, दुसऱ्यांच्या संसारात नाक खुपसणारी आणि एकटेपणात मद्याचा आधार घेणारी होती. तिचा डॉक्टर नवरा तिला सोडून मोना केन नावाच्या बाईशी लग्न करतो. आडनाव पुन्हा केनच! हा योगायोग मला अतिशय आवडतो.

मालिका म्हणजे लांबवलेली गोष्ट, असे आपण सहज म्हणून टाकतो. पण नाश्त्याच्या त्या प्रसंगात वेल्सने जे केले, म्हणजे रोजच्या टेबलाशी बसलेली बाई काळानुसार कशी बदलते ते दाखवले, तेच वॉरिकने फीबीच्या रूपाने पस्तीस वर्षे केले. फरक इतकाच, की इथे कॅमेरा झर्रकन फिरवून वर्षे गाळण्याची सोय नव्हती. फीबीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या प्रेक्षकांच्या सुरकुत्यांबरोबरच आल्या. रोहिणी हट्टंगडी यांनाही ‘गांधी’तल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला, पण आमच्या घरात मात्र त्या कायम ‘चार दिवस सासूचे’तल्या आशा देशमुखच राहिल्या, आणि यात त्यांचा काही कमीपणा झाला असे मला मुळीच वाटत नाही.

वॉरिकला २००४ मध्ये दिवसा दाखवल्या जाणाऱ्या मालिकांसाठीच्या डेटाइम एमीचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला. पडल्यामुळे खुब्याचे हाड मोडल्यानंतर तिचे काम कमी झाले होते. तरीही जानेवारी २००५ मध्ये मालिकेला पस्तीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा त्या विशेष भागात ती चाकांच्या खुर्चीत बसून आली. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, १५ जानेवारीला, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तिचे निधन झाले.

आईने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग लॅपटॉप स्वतःकडे ओढून म्हणाली, “तिचं म्हातारपणचं काही असेल तर दाखव.” मी शोधून दिले. फीबीने मान किंचित वर करून समोरच्याकडे पाहिले, तशी आईने पडद्यावर बोट ठेवले. ती मान तिने ओळखली होती.