देहाला काटा

सेमिनरीत मी बायबलच्या नव्या कराराचं ग्रीक शिकवतो. त्या सकाळी फळ्यावर चार शब्द लिहिले होते: आकांथा, त्रिबोलोस, बातोस, स्कोलोप्स. मराठीत चौघांनाही ‘काटा’ म्हणून मोकळं होता येतं. पहिले तिघे पंधरा मिनिटांत उरकायचे, असं मनात होतं. येशूचा मुकुट आकांथांचा. मुकुटाला शब्द स्तेफानोस, शर्यत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर घालायचा तोच, म्हणून शिपायांची थट्टा जास्तच बोचते. बातोस म्हणजे मोशेचं जळतं झुडूप. उत्पत्ती 3:18 मधल्या शापात आकांथा आणि त्रिबोलोस जोडीने उगवतात. त्रिबोलोसला मी सवयीने ‘कुसळ’ म्हणालो.

मागच्या बाकावरून जालन्याकडचा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, त्रि म्हणजे तीन ना? कुसळाला तर एकच टोक असतं.” आणि त्याने चपलेच्या तळातून सराटा उपटून माझ्या टेबलावर टाकला. एक टोक वर. मी उचलून पुन्हा टाकला, तरी एक टोक वरच. घोड्यांच्या टापांखाली पसरायच्या लोखंडी काट्यांनाही ग्रीकमध्ये त्रिबोलोसच म्हणत. सराट्याचं शास्त्रीय नावही ट्रिब्युलस. इतकी वर्षं शिकवतोय, पण हे कधी असं हातात घेऊन पाहिलं नव्हतं.

मग प्रेषित पौलाचा स्कोलोप्स, 2 करिंथ 12:7; आपल्याला देहात काटा दिला गेला, असं तो तिथे लिहितो. होमरमध्ये हा तटबंदीचा अणकुचीदार खुंट. म्हणून काहीजण इथेही खुंटच घेतात. मला ते पटत नाही. ग्रीक जुन्या करारात, गणना 33:55 मध्ये, इस्राएलाने कनान देशातून हाकलून न दिलेले लोक ‘डोळ्यांतले स्कोलोपेस’ होतात. डोळ्यात खुपतो तो काटा, खुंट नव्हे. पौलाचा काटा म्हणजे आजार की विरोधक, हा वाद मी नेहमीप्रमाणे टाळला.

फळ्यावर ‘देहात काटा’ लिहिलं, तर तोच मुलगा म्हणाला, “पण सर, ‘-त’साठी लागतो तो ‘एन’ कुठंय? नुसती चतुर्थी आहे. मग ‘देहाला’ का नाही?”

खरंच की. ‘ते सार्की’, शब्दयोगी काही नाही.

“आणि काटा मोडून आत राहिला की आमच्यात त्याला सल म्हणतात.”

पौलाने प्रभूला तीनदा विनवलं, तरी निघाला नाही तो. मी फळा पुसून लिहिलं: ‘देहाला सल’.

“सर, परीक्षेत असं लिहिलं तर मार्क द्याल?” पुढच्या बाकावरून प्रश्न आला.

“देईन,” म्हटलं, “पण चतुर्थी का, ते लिहावं लागेल.”