वीस आलेख कागदांचा एक चौरस मीटर

सहावीच्या पहिल्या घटक चाचणीत आमच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी एकच चूक केली होती. प्रश्न होता, ३ चौरस मीटर म्हणजे किती चौरस सेंटीमीटर? आम्ही लिहिलं, ३००. एका मीटरचे शंभर सेंटीमीटर हे तोंडपाठ होतं, म्हणून तीन मीटरचे तीनशे. 'चौरस' हा शब्द आमच्या लेखी शोभेला होता. प्रश्नात आला म्हणून उत्तरातही लिहायचा.

बाईंनी पेपर वाटले. त्या उत्तरावर लाल रेघ होती, पण शेजारी बरोबर उत्तर लिहिलेलं नव्हतं. फळ्यावरही त्यांनी ते लिहिलं नाही. "उद्या प्रत्येक बाकावरून एक आलेख कागद आला पाहिजे," एवढंच म्हणाल्या. चाळीस जणांचा वर्ग, वीस बाक, म्हणजे वीस कागद.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला बाक भिंतीला लावून मधली फरशी मोकळी केली. कागदांच्या कडेचा कोरा भाग बाईंनी आधी कापायला लावला. उरलेला छापील चौकटींचा भाग बरोबर २० सेंटीमीटर रुंद आणि २५ सेंटीमीटर लांब होता. एका ओळीत लांबीने चार कागद आणि अशा पाच ओळी, असे ते जमिनीवर मांडून आम्ही मागून पट्ट्या चिकटवल्या. मग मोजपट्टी लावली. इकडून मीटर, तिकडूनही मीटर.

"हा एक चौरस मीटर," बाई म्हणाल्या. "आता यात सेंटीमीटरचे चौकोन किती ते मोजा."

मोजायला सुरुवात केली तेव्हाच पहिल्या बाकावरच्या मुलाच्या लक्षात आलं की एकाच कागदावर २० गुणिले २५, म्हणजे ५०० चौकोन आहेत. वीस कागदांचे दहा हजार. वर्ग गप्प झाला. आम्ही शंभर म्हणत होतो आणि जमिनीवर दहा हजार पसरले होते.

त्यानंतर बाईंनी जे केलं, त्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. त्यांनी आमचं उत्तर पुसून टाकलं नाही. रंगीत खडूने त्या कागदाच्या कडेची एकच उभी पट्टी रंगवली. एक मीटर लांब, एक सेंटीमीटर रुंद. "अशा पट्ट्या एका चौरस मीटरमध्ये किती बसतील?" शंभर. "आणि तीन चौरस मीटरमध्ये?" तीनशे. "म्हणजे तुमचं तीनशे पट्ट्यांचं आहे. मी विचारले होते चौकोन. तुम्ही रुंदीचे सेंटीमीटर केलेत आणि लांबी मीटरमध्येच राहू दिलीत. आता एकेक पट्टी आडवी कापा." प्रत्येक पट्टीचे शंभर तुकडे. तीनशे पट्ट्यांचे तीस हजार.

चुकलेल्या उत्तराचाही एक अर्थ असतो, आणि तो सापडला की बरोबर उत्तर आपसूक त्यामागून येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. पुढे अनेक चांगले शिक्षक मिळाले, पण विद्यार्थ्याच्या चुकीकडे इतक्या आदराने पाहणारं कोणी भेटलं नाही.

तास संपायच्या आत आम्ही मिलीमीटरवरही पोचलो. सेंटीमीटरच्या एका चौकोनात बारीक रेघांचे दहा गुणिले दहा, म्हणजे शंभर चौकोन. दहा हजारांच्या शंभरपट दहा लाख. दहा लाख ही संख्या तोवर मी फक्त पुस्तकात वाचली होती. त्या दिवशी ती आमच्या वर्गाच्या फरशीवर पसरलेली दिसली, एकूण एक, छापलेली. तो जोडकागद पुढे वर्षभर मागच्या भिंतीवर होता.

मेट्रिक एककांचं कोष्टक नंतर आलं. चौरस मिलीमीटर, चौरस सेंटीमीटर, चौरस डेसिमीटर, चौरस मीटर, चौरस डेकामीटर, चौरस हेक्टोमीटर, चौरस किलोमीटर. लांबीत प्रत्येक पायरी दहापट, क्षेत्रफळात शंभरपट. लांबीत दशांश चिन्ह एक घर सरकतं, इथे दोन घरं. कोष्टक पाठ करायला बाईंची हरकत नव्हती, पण त्या म्हणायच्या, "पाठ केलेलं परीक्षेत विसरलात तर? बाजू विसरत नाही. आधी बाजू बदला, मग गुणा." एका चौरस किलोमीटरचे चौरस मीटर किती? बाजू हजार मीटर. हजार गुणिले हजार, दहा लाख. एवढंच. मी आजही असंच करते.

भाषेकडेही त्यांनी लक्ष द्यायला शिकवलं. 'दोन चौरस मीटर' आणि 'दोन मीटर चौरस' यांत फक्त शब्दांची अदलाबदल आहे, पण पहिलं क्षेत्रफळ आहे आणि दुसरा दोन मीटर बाजूचा चौरस, ज्याचं क्षेत्रफळ चार चौरस मीटर भरतं. दहा मीटर चौरस म्हटलं तर फरक दहा आणि शंभर इतका होतो. तसंच 'चौरस सेंटीमीटर' म्हणजे सेंटीमीटरचा चौरस. चौरस मीटरचा शंभरावा भाग असा त्याचा अर्थ होत नाही. चौरस मीटरचा शंभरावा भाग हा चौरस डेसिमीटर. हा डेसिमीटर सगळे विसरतात, कारण रोजच्या बोलण्यात तो नाही. मला वाटतं, क्षेत्रफळाच्या निम्म्या चुका या न वापरल्या जाणाऱ्या पायरीमुळे होतात. मीटरवरून थेट सेंटीमीटरवर उडी मारताना मधली पायरी दिसत नाही आणि चार घरांऐवजी दोनच घरं मोजली जातात.

मैदानावरचा तास हिवाळ्यात झाला. आर शिकवायचा होता. दहा मीटर बाजूचा चौरस म्हणजे एक आर, म्हणजे शंभर चौरस मीटर. फक्की आणि टेप घेऊन आम्ही चारही बाजू मोजून मारल्या, दहा-दहा मीटर, अगदी चोख. बाईंनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "हा आर नाही." आम्ही बाजू पुन्हा मोजल्या. दहाच. मग त्यांनी कर्ण मोजायला सांगितले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा चांगला हातभर लांब निघाला. बाजू चारही सारख्या असल्या तरी आकृती तिरकी झाली की तो समभुज चौकोन होतो, आणि त्याचं क्षेत्रफळ शंभर चौरस मीटर भरत नाही. कोपऱ्यापासून एका बाजूवर ६ मीटर, दुसऱ्या बाजूवर ८ मीटर अशा खुणा करा, त्या दोन खुणांमधलं अंतर १० मीटर आलं की कोन काटकोन झाला, ही युक्ती तेव्हा शिकलो. चौरस नीट जमला तेव्हा दोन्ही कर्ण १४ मीटर १४ सेंटीमीटर भरले. भिंतीवरचा आमचा कागदी चौरस मीटर खाली आणून आम्ही त्या आरच्या एका कोपऱ्यात ठेवला. एवढ्या मोठ्या चौकोनात तो किती लहान दिसत होता!

हेक्टर मात्र मैदानावर मावला नाही. त्यासाठी शंभर मीटर बाजू लागते आणि आमचं मैदान ८० मीटर लांब, ६० मीटर रुंद होतं. बाईंनी तेही गणित करून घेतलं. ४८०० चौरस मीटर, म्हणजे ४८ आर, म्हणजे ०.४८ हेक्टर. "दोन मैदानं मनात शेजारी मांडा, वर चार आर, की झाला हेक्टर."

या आर आणि हेक्टरच्या नावांत 'चौरस' का नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. उत्तर पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं. ७ एप्रिल १७९५ च्या फ्रान्समधल्या कायद्याने मीटर, लीटर, ग्रॅम ही नावं ठरवली. त्याच कायद्यात जमिनीच्या मापासाठी दहा मीटर बाजूच्या चौरसाला 'आर' हे स्वतंत्र नाव दिलं होतं. एककाला स्वतःचं नाव असलं की त्याला लावलेला उपसर्ग सरळ गुणतो. हेक्टो म्हणजे शंभर, म्हणून हेक्टर म्हणजे शंभर आर. किलोमीटरला 'चौरस' लावला की मात्र त्यातल्या किलोचाही वर्ग होतो, हजाराचा दहा लाख होतो. दोन नियम शेजारी नांदतात आणि विद्यार्थी गोंधळतो, यात त्याचा दोष नाही.

किलोआर का रुळला नसावा, याचाही मी विचार केला आहे. हजार आर म्हणजे एक लाख चौरस मीटर, आणि त्याच्या चौरसाची बाजू सुमारे ३१६ मीटर येते. दोरी धरून मोजायला निघालेल्या माणसाला ती बाजू काय उपयोगाची? शंभराच्या पायऱ्यांवरच बाजू पूर्ण येते. एक मीटर, दहा मीटर, शंभर मीटर, हजार मीटर. आरचा शंभरावा भाग म्हणजे सेंटिआर. तो बरोबर एक चौरस मीटर भरतो, म्हणून त्याला वेगळ्या नावाची गरजच उरली नाही.

शंभराच्या या पायऱ्यांचा एक फायदा मला फार आवडतो. संख्या दोन-दोन अंकांच्या जोड्यांनी वाचता येते. ३.४७२५ हेक्टर म्हणजे ३ हेक्टर, ४७ आर, २५ चौरस मीटर. २.३४५६ चौरस मीटर म्हणजे २ चौरस मीटर, ३४ चौरस डेसिमीटर, ५६ चौरस सेंटीमीटर. भागाकार नाही, गुणाकार नाही. पण जोडी पुरी करावी लागते. ३ हेक्टर ७ आर हे ३.०७ असं लिहायचं. ३.७ लिहिलं तर ते ३ हेक्टर ७० आर होतात आणि एका शून्यापायी ६३०० चौरस मीटर जमीन कागदावर जास्त उगवते.

शाळेनंतर मी नकाशे काढण्याच्या कामात शिरले आणि सगळा जन्म त्यात गेला. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून सहावीतली चूक पुन्हा झाली. १:२००० प्रमाणाचा नकाशा होता. नकाशावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे २० मीटर. एका तुकड्याची हद्द प्लॅनिमीटरने, म्हणजे नकाशावरच्या रेघेवरून फिरवून क्षेत्रफळ मोजायच्या उपकरणाने, फिरवून घेतली, ती ३६ चौरस सेंटीमीटर भरली. मी वीसने गुणलं आणि लिहिलं, ७२० चौरस मीटर. आकडा दिसायला सरळ होता, म्हणून शंकाही आली नाही. कागद वरिष्ठांकडे पाठवण्याआधी सवयीने मनात एक चौकोन काढला. ३६ चौरस सेंटीमीटर म्हणजे समजा ६ सेंटीमीटर बाजूचा चौरस. जमिनीवर ती बाजू १२० मीटर. १२० गुणिले १२०, १४,४०० चौरस मीटर, म्हणजे १.४४ हेक्टर. माझं उत्तर विसाव्या भागाएवढं होतं. मी पुन्हा पट्ट्याच मोजल्या होत्या. रुंदी वीसपट केली आणि लांबी कागदावरच ठेवली.

तो कागद मी फाडला आणि नवा लिहिला. त्या जमिनीवर पुढे कोणाकोणाचे हिशेब उभे राहणार होते, ते चुकीच्या आकड्यावर उभे राहिले असते. बाजू आठवण्याची सवय नसती तर मला ते कळलंही नसतं.

नकाशांच्या प्रमाणांतही बाईंची शिडी मला पुन्हा भेटली. १:१००० च्या नकाशावर एक चौरस सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक आर. १:१०,००० वर तेवढाच चौकोन म्हणजे एक हेक्टर. १:१,००,००० वर तो एक चौरस किलोमीटर. करंगळीच्या नखाएवढा तो चौकोन, प्रमाण दहापट बदललं की शंभरपट जमीन कवेत घेतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी टेबलावरून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले होते, इतका आनंद झाला होता.

मागच्या सुट्टीत भाची तिची वही घेऊन आली. "मावशी, ४५० चौसेमीचे ४.५ चौमी होतात ना?" मी साधा छपाईचा ए४ कागद तिच्यापुढे ठेवला. तो २१० मिलीमीटर बाय २९७ मिलीमीटर, म्हणजे ६२३.७ चौरस सेंटीमीटर. "तुझे ४५० या कागदाहूनही कमी आहेत. साडेचार चौरस मीटर म्हणजे केवढी जागा, ती जमिनीवर दाखव बरं." तिने खडूने तीन मीटर बाय दीड मीटरचा आयत आखला, कागदाकडे पाहिलं आणि स्वतःच खोडून ०.०४५ लिहिलं. ए मालिकेतला सगळ्यात मोठा ए० कागद एक चौरस मीटरचा धरलेला असतो आणि दर वेळी निम्मा करत गेलं की चौथ्या घडीला ए४ येतो, हेही तिला सांगितलं. सोळा कागद मांडून तिने ते पडताळून पाहिलं. आकार चौरस झाला नाही म्हणून ती आधी हिरमुसली. मग बाजू मोजून गुणाकार केला. ९९७९ चौरस सेंटीमीटर आणि वर थोडे.

आमच्या शाळेच्या महोत्सवाच्या दिवशी मी सकाळी लवकर येणार आहे. टेप आणि फक्की मी आणते. आमच्या तुकडीतले जे कोणी येतील त्यांनी मैदानाच्या त्याच कोपऱ्यात, पिंपाच्या नळाजवळ यावं. एक आर आखायचा आहे. दोन्ही कर्ण १४ मीटर १४ सेंटीमीटर भरल्याशिवाय कोणी फक्की टाकायची नाही.